दोन हुकांचा फुल बॉडी हार्नेस संच : पिशवीत काय येतं आणि काय येत नाही

पाठीवर एक आणि छातीवर एक डी-रिंग (डी अक्षराच्या आकाराची कडी) असलेला फुल बॉडी हार्नेस, म्हणजे अंगभर बांधायच्या पट्ट्यांचा साज, त्याला जोडायची दोन शाखांची लॅनयार्ड (जोडदोरी), लॅनयार्डच्या मुळाशी शिवलेला शॉक अ‍ॅब्सॉर्बर, टोकांना रुंद तोंडाचे दोन हूक, घडी घातलेलं माहितीपत्रक आणि हे सगळं भरायला एक पिशवी. उंचीवर काम करणाऱ्यांच्या हातात बहुतेक ठिकाणी पडतो तो हाच संच. हे परीक्षण कुठल्या एका कंपनीच्या मालाचं नाही. मानकाचा शिक्का असलेला, मधल्या दर्जाचा संच समोर धरून त्यातली प्रत्येक वस्तू काय करते आणि ती देणाऱ्या मालकाकडून काय मागते, ते इथे पाहिलं आहे.

निकाल आधीच सांगायचा तर वस्तू उत्तम आहे. नीट घातलेला, नीट अडकवलेला असा संच चार मीटर पडलेल्या माणसाला थांबवू शकतो, आणि तेही शरीर सोसेल इतक्याच झटक्याने. पण पडणारा माणूस जिवंत राहायला लागणाऱ्या तीन गोष्टी या पिशवीत नसतात : हूक अडकवायची भक्कम जागा म्हणजे अँकर, खाली पुरेशी मोकळी उंची, आणि लटकलेल्याला खाली आणायची सोय. तिन्ही मालकानेच पुरवायच्या आहेत. त्या नसतील तर हार्नेस दिल्याची सही घेतलेलं रजिस्टर कुणाचाही जीव वाचवत नाही.

हार्नेस

कमरेचा सेफ्टी बेल्ट आणि हार्नेस यांत अजूनही गल्लत होते, म्हणून हे आधी. कमरेच्या पट्ट्यावर पडणं थांबलं तर सगळा झटका पोटावर आणि कण्यावर येतो. माणूस दुमडतो, कधी पट्ट्यातून निसटतो. अमेरिकेत पडणं थांबवण्यासाठी कमरेचा पट्टा वापरायला १ जानेवारी १९९८ पासून बंदी आहे. हार्नेस तोच झटका मांड्या, नितंब, छाती आणि खांदे यांच्यावर वाटून देतो आणि माणसाला डोकं वर ठेवून लटकवतो. युरोपीय ईएन ३६१ किंवा आंतरराष्ट्रीय आयएसओ १०३३३ चा पहिला भाग यांपैकी एखाद्या मानकाचा, अथवा आपल्या देशातल्या मानकाचा क्रमांक लेबलवर नसेल, तर तो हार्नेस कामावर आणूच नये.

पट्ट्या बहुधा पॉलिएस्टरच्या असतात, काही नायलॉनच्या. हा फरक खरेदी करणाऱ्याने लक्षात ठेवायला हवा. पॉलिएस्टर आम्लात बऱ्यापैकी टिकतो, पण तीव्र अल्कलीत खराब होतो. नायलॉनचं उलट, त्याला आम्ल खातं. ओलं सिमेंट अल्कधर्मी असतं, त्यामुळे काँक्रीटच्या कामावर पॉलिएस्टरचा हार्नेस रोज झटकून, पुसून ठेवणं हा कामाचाच भाग धरावा. बॅटरीच्या आम्लाजवळ नायलॉन नको. वेल्डिंग आणि गॅस कटिंगच्या ठिणग्यांना दोन्ही टिकत नाहीत. एक ठिणगी पट्टीत जे भोक पाडते त्याभोवतीचे धागे वितळून कडक होतात आणि तिथूनच पट्टी फाटते. वेल्डरसाठी उष्णता सोसणाऱ्या अ‍ॅरामिड धाग्याचा वेगळा हार्नेस मिळतो. एकच मॉडेल घाऊक मागवून सगळ्यांना वाटलं की हा विचार हमखास राहून जातो.

मापाबद्दल या संचांची सर्वांत मोठी तक्रार अशी, की ‘सगळ्यांना बसतो’ असं लिहून एकच आकार विकला जातो. तो सगळ्यांना बसत नाही. बारीक अंगाच्या माणसाला मांडीच्या पट्ट्या शेवटच्या टोकापर्यंत ओढूनही ढिल्या राहतात. पडल्यावर अशा ढिल्या पट्ट्या जांघेत घुसतात, पाठीची रिंग वर सरकून डोक्याच्या मागे आदळते आणि छातीचा पट्टा गळ्यापर्यंत येतो. पुरुषांच्या मापाने बनवलेले हार्नेस बायकांना छातीशी आणि नितंबांशी नीट बसत नाहीत, ही अडचण फार काळ दुर्लक्षित राहिली. अमेरिकेत बांधकामावरची संरक्षक साधनं घालणाऱ्याला नीट बसलीच पाहिजेत, अशी स्पष्ट तरतूद १३ जानेवारी २०२५ पासून लागू झाली. कायदा कुठलाही असो, किमान तीन मापं ठेवावीत आणि प्रत्येकाला घालून बघायला लावून द्यावीत.

घालण्याची रीत सोपी आहे. पाठीची रिंग धरून हार्नेस उचलायचा आणि हलवून पट्ट्या मोकळ्या लटकू द्यायच्या. मग कोटासारखा खांद्यांवर चढवायचा. मांडीच्या पट्ट्या पीळ न पडता, एकमेकींना न ओलांडता, ज्या त्या बाजूच्या बक्कलात लावायच्या. मग छातीचा पट्टा, जो छातीच्या हाडाच्या मध्यावर येईल. शेवटी सगळं ताणायचं : मांडीच्या पट्टीखाली सपाट तळवा जावा, मूठ जाऊ नये. पाठीची रिंग दोन खवाट्यांच्या मधोमध आली का, हे घालणाऱ्याला स्वतःला दिसत नाही. म्हणून ते सोबत्याने बघायचं, आणि त्यासाठी कामाच्या वेळेतली दोन मिनिटं मालकाने द्यायची.

हूक आणि दोन शाखा

दोन शाखा कशासाठी, तर परांचीवर किंवा मनोऱ्यावर सरकताना कधीच मोकळं राहू नये म्हणून. पुढचा हूक अडकवायचा आणि मगच मागचा सोडायचा. एकाच शाखेच्या लॅनयार्डने हे जमत नाही; दर वेळी जागा बदलताना काही क्षण माणूस कशालाच बांधलेला नसतो, आणि पडायला तेवढे क्षण पुरतात. या बाबतीत दोन हुकांचा संच एका हुकाच्या संचापेक्षा निर्विवाद चांगला.

मात्र याच रचनेत एक सापळा दडलेला आहे. न वापरातला हूक लोंबकळत पायात येतो, म्हणून कामगार तो हार्नेसच्या बाजूच्या रिंगेत किंवा कमरेच्या रिंगेत अडकवून ठेवतो. तसं केलं की दुसरी शाखा शॉक अ‍ॅब्सॉर्बरला वळसा घालून थेट हार्नेसला बांधली जाते. पडल्यावर अ‍ॅब्सॉर्बर उघडायला लागतो, पण ही शाखा ताणली जाऊन त्याला मध्येच अडवते आणि उरलेला सगळा झटका शरीरावर येतो. चांगल्या संचात यासाठी छातीजवळ प्लास्टिकच्या किंवा वेल्क्रोच्या कड्या असतात, ओढ बसताच सुटणाऱ्या. खरेदी करताना त्या आहेत का, ते बघावंच. आणि त्या कशासाठी आहेत हे सांगितल्याशिवाय हार्नेस हातात देऊ नये. समजावून सांगायला पाच मिनिटं लागतात, पण न सांगता दिलेल्या संचात ही चूक जवळजवळ ठरलेलीच.

हूक स्वतः चांगले असतात. दोन हालचाली केल्याशिवाय उघडत नाहीत. जाड नळी मावेल असं त्यांचं तोंड असतं, पण जाड नळीचा हूक बारीक सळईत किंवा छोट्या कडीत अडकवला की तो आडवा होतो आणि ताण त्याच्या दांड्याऐवजी दारावर, म्हणजे उघडझाप होणाऱ्या भागावर, येतो. दार हा हुकाचा सर्वांत कमजोर भाग. तुळईभोवती लॅनयार्ड गुंडाळून हूक तिच्यावरच परत अडकवणं हीदेखील तशीच चूक, लॅनयार्ड त्यासाठीच बनवलेली असेल तर गोष्ट वेगळी. तुळईसाठी वेगळी अँकर पट्टी मिळते. ती या पिशवीत नसते.

शॉक अ‍ॅब्सॉर्बर, आणि खालची मोकळी उंची

हा संचाचा आत्मा. बाहेरून तळहाताएवढी शिवलेली पुडी दिसते. आत मुद्दाम फाटण्यासाठी विणलेली किंवा टाके घातलेली लांब पट्टी घडी करून ठेवलेली असते. माणूस पडला आणि ओढा ठरावीक मर्यादेला पोचला की टाके एकेक करून उसवतात आणि पडण्याची ऊर्जा त्या उसवण्यात खर्च होते. ईएन ३५५ नुसार १०० किलोच्या वजनाने चाचणी घेताना शरीरावरचा ओढा ६ किलोन्यूटनच्या वर जाता कामा नये. हा ओढा म्हणजे सुमारे ६०० किलो वजन क्षणभर टांगल्यासारखा. जबर, पण हार्नेसमधून वाटला गेला तर सोसवणारा. साध्या दोरीवर तेच पडणं याच्या कितीतरी पट ओढ्याने थांबतं.

पण उसवायला जागा लागते, आणि इथेच या संचाबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहे. हिशेब असा. अँकरपासून खाली मोजायचं. लॅनयार्डची लांबी २ मीटर. अ‍ॅब्सॉर्बर पूर्ण उघडला तर जास्तीत जास्त १.७५ मीटर. पाठीच्या रिंगेपासून तळपायापर्यंत सुमारे १.५ मीटर. त्याशिवाय आणखी १ मीटर सुरक्षित अंतर, कारण पट्ट्या ताणल्या जातात, हार्नेस अंगावर सरकतो. बेरीज ६.२५ मीटर. अँकरच्या खाली एवढी मोकळी हवा नसेल तर माणूस थांबायच्या आत खाली आपटू शकतो, हार्नेस अंगावर आणि हूक अडकवलेला असूनही.

याचा कामावरचा अर्थ थेट आहे. तीन मीटर उंचीच्या स्लॅबच्या कडेला उभं राहून पायाजवळ हूक अडकवला, तर हा संच जमिनीवर आदळणं टाळू शकत नाही. तोच हूक डोक्याच्या वर अडकवला तर मोकळं पडणं जवळजवळ उरत नाही, अ‍ॅब्सॉर्बर थोडासाच उघडतो आणि लागणारी उंची पुष्कळ घटते. पायाशी अडकवलेला हूक म्हणजे दोन मीटरच्या लॅनयार्डवर चार मीटरपर्यंत मोकळं पडणं. त्याच्या शेवटी माणसाचा वेग ताशी ३२ किलोमीटरच्या आसपास पोचलेला असतो. पाठीच्या रिंगेच्या उंचीला अडकवला तर दोन मीटर. म्हणून नियम एकच : शक्य तितका वर. जिथे वर जागाच नाही, तिथे काम सुरू होण्याआधी ती करून देणं मालकाचं काम.

कमी उंचीवर हा संच घेऊच नये. तिथे आपोआप गुंडाळला जाणारा ब्लॉक घ्यावा. पट्टी किंवा तार झपाट्याने बाहेर ओढली गेली की तो गाडीच्या सीटबेल्टसारखा अडकतो. डोक्यावर बसवला तर साधारण दोन मीटर मोकळी उंची त्याला पुरते. त्याहून चांगला उपाय म्हणजे कडेपर्यंत पोचूच न देणारी मोजून कापलेली आखूड दोरी. तिथे पडणंच घडत नाही, म्हणून उंचीचा हिशेबही लागत नाही.

वजनाचीही गोष्ट सांगायला हवी. १०० किलोत कपडे, बूट, हातोडा, खिळ्यांची पिशवी असं सगळं धरायचं. नव्वद किलोचा माणूस पंधरा किलो अवजारं घेऊन चढला तर तो मर्यादेबाहेर गेला. अ‍ॅब्सॉर्बर पूर्ण उसवून संपेल आणि नंतरचा झटका तसाच येईल. १४० किलोपर्यंतचे अ‍ॅब्सॉर्बर मिळतात. लेबलावरचा आकडा बघावा आणि कुणाला कुठला द्यायचा, ते वजन करून ठरवावं.

जे पिशवीत नसतं

अँकर. युरोपातल्या ईएन ७९५ मानकात एका माणसाच्या ठरीव अँकरची चाचणी १२ किलोन्यूटनला होते. अमेरिकी नियमांत एका माणसामागे २२ किलोन्यूटन ताकद लागते, किंवा जाणकाराने रचना करून दुपटीचा सुरक्षा गुणक, म्हणजे येणाऱ्या जोराच्या दुप्पट ताकद, दाखवावा लागतो. आता ही तुलना पाहावी : त्याच अमेरिकी नियमांत रेलिंगच्या वरच्या नळीने ८९० न्यूटन, म्हणजे सुमारे ९० किलोचा जोर सोसला की पुरे. पंचविसाव्या हिश्श्याएवढी ताकद. तरीही कामावर हूक सर्रास रेलिंगला अडकवलेला दिसतो, कारण ती हाताशी असते. त्या नियमांनी रेलिंगला हार्नेस अडकवायला स्पष्ट मनाई केली आहे. पाण्याचा पाइप, केबल ट्रे, छताच्या पत्र्याची पट्टी, परांचीची सुटी आडवी नळी ही सगळी याच रांगेत येतात. कामगाराला ‘हूक लाव’ म्हणणं सोपं. कशाला लावायचा ते रंगाने खूण करून दाखवणं, ही मालकाची जबाबदारी आहे.

अँकर बाजूला असला तर माणूस सरळ खाली जात नाही, झोका घेऊन खांबावर किंवा भिंतीवर आपटतो. काम अँकरच्या थेट खालून फार दूर जाऊ देऊ नये. उभ्या रेषेपासून ३० अंशांच्या आत राहावं, असा साधा अंदाज वापरतात. आणि लॅनयार्ड धारदार कडेवरून गेली तर ती कापली जाते. कडेवरच्या वापरासाठी चाचणी झाल्याचं लेबलावर लिहिलेलं नसेल, तर ती कडेवर चालत नाही असंच धरावं.

सुटका. पडणं थांबलं, माणूस शुद्धीवर आहे, सगळ्यांनी सुस्कारा सोडला. धोका मात्र संपलेला नाही. हार्नेसमध्ये निश्चल लटकलेल्या माणसाच्या पायांतलं रक्त वर यायला स्नायूंची मदत होत नाही, मांडीच्या पट्ट्या दाबत राहतात, आणि काही मिनिटांत चक्कर, घाम, मळमळ सुरू होऊ शकते. बेशुद्धीनंतर जीवही जाऊ शकतो. त्यामुळे अग्निशमन दलाला फोन करणं म्हणजे सुटकेची योजना नव्हे. कोण उतरवणार, कशाने उतरवणार, शिडी की क्रेनची टोपली की खाली सोडायचा सुटकेचा संच, हे काम सुरू होण्याआधी ठरलेलं आणि निदान एकदा करून पाहिलेलं असायला हवं. लटकलेल्याला पाय रोवून उभं राहता येईल अशा फासांची छोटी पुडी मिळते. ती या संचात बहुधा नसते. वेगळी घेऊन दोन्ही बाजूंना बांधावी. माणूस शुद्धीवर असेल तर त्याने पाय सतत हलवत राहावं. खाली आणल्यावर त्याला आडवं झोपवू नये, असा जुना सल्ला अजून ऐकू येतो. ब्रिटनच्या आरोग्य आणि सुरक्षा यंत्रणेसाठी २००९ मध्ये झालेल्या पुराव्यांच्या आढाव्यात त्याला आधार सापडला नाही. नेहमीचे प्रथमोपचारच करावेत, बेशुद्ध माणसाला आडवं ठेवून श्वासमार्ग मोकळा ठेवावा.

पैसे कुणी द्यायचे, आणि मुळात हार्नेस का

काही ठेकेदार हार्नेसची किंमत पगारातून कापतात किंवा ‘स्वतःचा घेऊन या’ म्हणतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८१ च्या १५५ क्रमांकाच्या कराराच्या कलम २१ मध्ये सुरक्षेच्या उपायांचा कोणताही खर्च कामगारावर पडू नये असं म्हटलं आहे. १९८९ च्या युरोपीय निर्देशाने साधनं फुकट देणं, त्यांची दुरुस्ती, स्वच्छता आणि बदली ही सगळी मालकावर टाकली. खर्चाचा मुद्दा नुसता न्यायाचा नाही, तांत्रिकही आहे. ज्याच्या खिशातून पैसे जातात तो फाटलेला हार्नेस लपवतो आणि सगळ्यात स्वस्त, बिनशिक्क्याचा घेतो.

आणि हे सगळं वाचून खरेदीची ऑर्डर देण्याआधी एक प्रश्न विचारायलाच हवा : कठडा उभारता येतो का? जाळी लावता येते का? काम जमिनीवर करून मग वर चढवता येतं का? ब्रिटनच्या २००५ च्या उंचीवरील कामाच्या नियमांचा क्रमच असा आहे : आधी उंचीवरचं काम टाळा, मग पडणं रोखा, आणि शेवटी पडल्यावरचं नुकसान कमी करा. कठडा दिवसभर उभा राहतो, दमत नाही, कुणी अडकवायला विसरलं म्हणून निकामी होत नाही. हार्नेसला प्रत्येक माणसाने प्रत्येक वेळी बरोबर वागावं लागतं. जिथे कठडा शक्य आहे तिथे हार्नेसचा ढीग विकत घेणं ही चुकीची खरेदी आहे, वस्तू कितीही चांगली असो.

तपासणी आणि निरोप

रोज वापरण्याआधी वापरणाऱ्याने बघायचं. पट्टी हातात वाकवून कडांवर चिरा, कडकपणा, चकाकलेला वितळलेला भाग, उन्हाने उडालेला रंग शोधायचा. शिवणीचा धागा मुद्दाम वेगळ्या रंगाचा असतो, तुटलेला टाका लगेच दिसावा म्हणून. बऱ्याच हार्नेसमध्ये पाठीच्या रिंगेजवळ घडी घालून शिवलेली खूण असते. पडल्यावर ती उसवते आणि आतलं लाल लेबल दिसतं. अ‍ॅब्सॉर्बरची पुडी थोडीशी जरी उसवलेली दिसली तरी लॅनयार्ड बाद. बारा महिन्यांतून निदान एकदा जाणकाराने तपासून लेखी नोंद ठेवायची. सिमेंट, रंग, रसायन, कडक ऊन असेल तिथे तीन किंवा सहा महिन्यांनी.

पट्टीवर मार्करने नाव किंवा क्रमांक लिहू नये, शाईतलं द्रावक धाग्यात मुरतं. लेबलावर लिहावं किंवा टॅग बांधावा. धुवायचा तो कोमट पाण्यात सौम्य साबणाने, वाळवायचा सावलीत टांगून. हीटरजवळ नाही, गाडीच्या टपावर नाही.

एकदा कुणाला थांबवलेला हार्नेस आणि लॅनयार्ड पुन्हा वापरायचे नाहीत, बाहेरून नवे दिसले तरी. बाद झालेला माल कोपऱ्यात टाकून ठेवला तर गर्दीच्या दिवशी कुणीतरी तो उचलतोच. म्हणून त्याच दिवशी मांडीच्या आणि खांद्याच्या पट्ट्या कात्रीने कापाव्यात, अनुक्रमांकाचं लेबल काढून तपासणीच्या वहीत त्या नोंदीशेजारी चिकटवावं, आणि त्या माणसाच्या हातात त्याच पाळीत, त्याच्या मापाचा नवा हार्नेस द्यावा.